ग्रेडीसाठी टेबलावर

३ जानेवारी

नवीन वर्ष, नवी वही. संकल्प तीनच, पण पक्के.

गोड बंद. कुठल्याही पोराच्या प्रेमात पडायचं नाही; आधी त्याच्या मॅचची फिल्म तीनदा बघायची, मगच मत बनवायचं. आणि बायकोला, लोर्नाला, गाडीत शेजारी बसवायचं नाही. सव्वीस वर्षं ही बाई माझ्या उजव्या हाताला बसून सांगत आली आहे: डावीकडून ट्रक, पुढे वळण, मागे पोलीस. ज्याच्या नजरेवर घर चालतं त्यालाच रस्ता दाखवायचा म्हणजे कमाल आहे.

अमेरिकन फुटबॉलच्या टीमशी माझा स्काउटचा, म्हणजे कॉलेजांतली पोरं हेरायचा, करार मेअखेर संपतो. डेट्वायलर मॅडम (माझ्या साहेब. वय चौतीस. मी या धंद्यात आलो तेव्हा त्या शाळेत जात होत्या) म्हणाल्या, एल्डन, यंदा असं एक तरी पोरगं शोधा जे थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, टिकेल. बोलणं लागलं, पण दाखवलं नाही.

मागच्या तिघांचं खापर माझ्यावर फोडतात. पहिला चौथ्या दिवशी आईच्या आठवणीने रडत घरी गेला. दुसऱ्याचा गुडघा. आता गुडघा काय मला विचारून निखळतो? तिसरा केंट बुर्बाख. तो हल्ली आमच्याच चॅनेलवर हवामान सांगतो. रोज संध्याकाळी लोर्ना स्वयंपाकघरातून हाक मारते, ये रे, तुझा टॅकल आलाय टीव्हीवर.

करार गेला तर लोर्नाच्या भावाचं, मर्लचं, शेतीच्या पाइपांचं दुकान आहे. एक जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली आहे म्हणे. एवढंच नाही, दुकानाचा शर्टही आणून ठेवलाय. खिशावर लाल दोऱ्याने 'एल्डन'.

मी पाइप विकणार नाही.

५ जानेवारी

शेजारणीने कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, आणून दिले. आत जर्दाळू होते. जर्दाळू हे फळ आहे.

१२ जानेवारी

प्लॅट नदीकाठचं एक लहानसं कॉलेज. मोठे स्काउट इकडे फिरकत नाहीत, हेच माझं भांडवल. मरणाची थंडी. गाडीत हीटर लावून बसलो होतो. कुठल्याशा सत्कारावरून पोरांची बस परत आली.

आमच्यात म्हणतात, बसमधून पहिला असा उतरवावा की समोरच्या टीमच्या पोटात गोळा आला पाहिजे. दार उघडलं आणि ग्रेडी सॉन्डरगार्ड उतरला. वाकून उतरला, कारण दार त्याला पुरत नाही. हात गुडघ्यांपर्यंत. खांदे कपाटासारखे. चेहरा असा की पिठाच्या पिशवीवर छापावा. उतरला आणि तिथेच उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुठे जायचं याची काही घाई नाही. मोठी माणसं अशीच उभी राहतात.

त्याच्या मागून एक बुटका, गोल पोरगा दोघांच्या बॅगा घेऊन उतरला आणि ग्रेडीच्या कमरेला हात लावून त्याला इमारतीकडे वळवलं. नेस्टर उर्बिना, डावा गार्ड. हात आखूड. लिहिण्यासारखं काही नाही.

मी प्रेमात पडलेलो नाही.

१३ जानेवारी

फिल्म तीनदा बघणार होतो. एकदाच बघितली. काही गोष्टी एकदा बघूनच कळतात.

लोर्नाने फोनवर विचारलं, हा पोरगा नक्की करतो काय? सव्वीस वर्षं संसार करून हा प्रश्न. पुन्हा समजावलं. क्वार्टरबॅक नावाचा देखणा पोरगा चेंडू हातात घेऊन फेकायला कोण सापडतंय ते बघत असतो. समोरचे त्याला लोळवायला धावतात. त्यांना अडवायला त्याच्यापुढे पाच धिप्पाड पोरं ओळीने उभी असतात, ते लाइनमन. एक मधला, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि दोन टोकांना टॅकल. डाव्या टोकाचा सगळ्यात महाग, कारण चेंडू फेकणाऱ्याची पाठ तिकडे असते. तिकडून कोण चालून येतंय ते त्याला दिसत नाही.

लोर्ना म्हणाली, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याच्या वतीने बघणारा. मी म्हणालो, बघणारा नाही, अडवणारा. ती म्हणाली, बरं. तिचं हे 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

फिल्मबद्दल. ग्रेडीचा अंदाज थक्क करणारा आहे. खेळ सुरू होण्याआधी उर्बिना त्याच्या मांडीवर थाप मारतो. कधी एक, कधी दोन. तोंडाने काहीतरी पुटपुटतोही. आणि लगेच ग्रेडी नेमका त्याच बाजूला सरकतो जिकडून माणूस येणार असतो. दरवेळी. उर्बिना बिचारा घाबरत असणार. माझी आजी वादळ आलं की जपमाळेला हात लावायची, तसा हा ग्रेडीला हात लावून धीर घेतो.

१५ जानेवारी

ऑक्टोबरातली एक मॅच जरा वाईट आहे. क्वार्टरबॅकला चार वेळा लोळवलं, चारही वेळा ग्रेडीच्या बाजूने. कारणं शोधली. ऊन डोळ्यांवर होतं. उत्तरार्धात ढग होते, पण तोवर डोळे दिपलेले असणार. त्या दिवशी उर्बिना घोटा मुरगळून बाकावर बसला होता, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

ही मॅच धरायची नाही असं ठरवलं.

२० जानेवारी

डेट्वायलर मॅडमचा फोन. सांगणार होतो, एक पोरगा आहे, बघतोय. तोंडातून निघालं, पंधरा वर्षांत असा टॅकल पाहिला नाही.

त्या म्हणाल्या, खात्री किती? मी म्हणालो, टेबलावर उभा राहीन. हा आमच्या धंद्यातला शब्द; ज्या पोराची छातीठोक हमी द्यायची त्याच्यासाठी स्काउट टेबलावर उभा राहतो, असं म्हणतात. त्या म्हणाल्या, मागच्या तिघांसाठीही तुम्ही उभे होता, एल्डन. मी म्हणालो, तेव्हा नुसतं म्हटलं होतं. यंदा खरंच चढेन.

फोन ठेवला. आता हा पोरगा चांगला निघायलाच हवा. त्यालाही सुटका नाही आणि मलाही.

४ फेब्रुवारी

दर गुरुवारी लाइनची पाचही पोरं गावातल्या स्टेकच्या हॉटेलात एकत्र जेवतात. जुनी रीत आहे. बसतातही मैदानावर उभी राहतात त्याच क्रमाने. कोणी जागा बदलली तर जेवण बाधतं म्हणतात. मी समोर बसलो. डावीकडे टोकाला ग्रेडी, त्याच्या उजव्या हाताला उर्बिना, मग बाकीचे तिघे.

वेट्रेस आली तेव्हा ग्रेडीने मेन्यू उघडलासुद्धा नाही. उर्बिनानेच सांगितलं, याला स्टेक, फार लाल नको, कांदा अजिबात नको, बटाटा भाजलेला आणि दूध. मोठी माणसं मेन्यू बघत नाहीत. त्यांच्यासाठी बघणारे असतात.

मग ती धुमसतं लोखंडी ताट घेऊन ग्रेडीच्या पाठीमागून आली. उर्बिना मान वर न करता म्हणाला, डावीकडून. ग्रेडी अलगद झुकला आणि ताट त्याच्या कानाजवळून खाली आलं. एवढ्या देहात हे चापल्य मी आजवर पाहिलेलं नाही. कागदी रुमालावरच लिहून घेतलं: डाव्या बाजूचं भान विलक्षण.

उजव्या टोकाचा पोरगा म्हणाला, सर, ग्रेडीला नेताय तर नेस्टरलाही डब्यात बांधून न्या, नाहीतर हा तिकडे उपाशी मरायचा. सगळे हसले. ग्रेडी सगळ्यात जास्त हसला. लाइनमध्ये मत्सर असतोच.

शेवटी अॅपल पाय हा सफरचंदाचा गोड पदार्थ आला. पोरांना संकोच वाटू नये म्हणून खाल्ला. दुसराही त्याच कारणाने.

१० फेब्रुवारी

ग्रेडीची मुलाखत. विचारलं, माणूस कुठून येणार हे तुला आधी कसं कळतं? म्हणाला, मला कुठे कळतं सर, नेस्टर सांगतो. एक थाप म्हणजे बाहेर, दोन म्हणजे आत, आणि चिमटा काढला की जागचं हलायचं नाही.

लिहून घेतलं: विनय.

विचारलं, समजा प्रोफेशनल टीमने घेतलं नाही, तर? म्हणाला, काहीही करेन सर. दुकानबिकान चालेल. माणसं येऊन बोलली की मला बरं वाटतं. काय करायचं ते कुणी सांगितलं की मी कुठलंही काम करतो.

लिहून घेतलं: दडपण घेत नाही.

लोर्नाला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. ती म्हणाली, पोरगा खरं बोलतोय रे. मी म्हणालो, तुला या धंद्यातलं काय कळतं. ती म्हणाली, बरं. आणि उद्या निघताना गाडीत पेट्रोल भरून घे. मी भरणारच होतो.

८ मार्च

लोर्ना म्हणाली, केंट म्हणतोय दुपारनंतर हिमवादळ आहे, आज सॉन्डरगार्डांच्या फार्मवर जाऊ नकोस. मी म्हणालो, केंटला मीच निवडला होता, त्याचा अंदाज काय लायकीचा असतो ते मला विचार.

फार्मच्या अलीकडेच गाडी खड्ड्यात गेली. समोरचं काही दिसत नव्हतं. वाइपर गोठले. दार अर्धंच उघडत होतं. हॉर्न वाजवत बसलो. एवढ्या पांढऱ्यात आपलाच श्वास ऐकू येतो, ते काही बरं वाटत नाही.

बऱ्याच वेळाने ग्रेडी आला. एकटाच. गाडीच्या मागे गेला आणि असा रेटा दिला की गाडी आणखी आत रुतली, पार दिव्यांपर्यंत. ताकद म्हणजे ताकद.

९ मार्च

अजून इथेच. रस्ते बंद. ग्रेडीची आई बोनी, घर स्वच्छ, बोलणं रोखठोक. काल चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे गोड सिनॅमन रोल. आज सिनॅमन रोल आणि चिली. परक्याच्या घरी नियम सांगत बसू नये.

उर्बिनाही आहे. त्याचे आईबाप मांसाच्या कारखान्यात शिफ्टला असतात, म्हणून सुटीला इकडेच येतो. जेवायच्या टेबलाशी त्याची खुर्ची ठरलेली, ग्रेडीच्या उजवीकडे. बोनी म्हणाली, नेस्टर नसला ना, की आमचा ग्रेडी दार ढकलायचं तिथे ओढत बसतो. आईने मुलाचं कौतुक तोंडावर करू नये, ही इकडची पद्धत. मला आवडली.

पण तिने पुढे विचारलं, मिस्टर क्रुपिका, खरं सांगा, माझ्या पोराचं होईल का? त्याचे बाबा गेल्यापासून एवढं एकच त्याच्या नावावर आहे, उगाच आशेवर ठेवू नका. बाहेर वारा घोंघावत होता, आत रोल गरम होते. मी म्हणालो, एप्रिलच्या निवडीत तिसरी फेरी, फार तर चौथी. आणि नाहीच झालं तर मी स्वतः त्याला नोकरी लावून देईन. ती म्हणाली, शब्द देताय? दिला.

बोलून झाल्यावर खिडकीशी गेलो. दार उघडत नव्हतं, बाहेर बर्फ साचला होता.

१० मार्च

गाडी निघाली. ग्रेडीने एकट्याने काढली असंच म्हटलं पाहिजे. उर्बिनाने चाकांखाली पोती घातली, ग्रेडीला कुठे उभं राहायचं ते दाखवलं आणि मला म्हणाला, स्टिअरिंग सरळ धरा सर. आता नको. आता नको. आता. एका रेट्यात वर. उर्बिनाची बडबड मात्र फार.

निघताना तो काचेशी आला. म्हणाला, सर, माझं काही होण्यासारखं आहे का? मी समजुतीने सांगितलं, बाळा, हात आखूड आहेत तुझे. तो म्हणाला, हो सर, जन्मापासूनच. आणि माझ्या पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडून दिला.

चांगला पोरगा आहे. पण चांगुलपणा टेपने मोजता येत नाही.

२२ मार्च

कॉलेजात चाचणीचा दिवस. सगळ्या टीमचे लोक आले होते. प्रत्येक पोराने एकट्याने करून दाखवायचं असतं. प्रशिक्षक हात करेल तिकडे पळायचं, वळायचं, अडवायचं.

ग्रेडी दरवेळी आधी उजवीकडे बघायचा. तिथे कोणी नसायचं. मग निघायचा, बहुतेकदा उलट्या दिशेला. एकदा प्रशिक्षकालाच घेऊन पडला. अडवण्याची वृत्ती रक्तातच आहे. दिशा शिकवता येतात.

बाकीच्या टीमच्या लोकांनी वह्या मिटल्या आणि कॉफीला गेले. बरंच झालं. मागणी कमी झाली.

लोर्नाने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, उत्तम, गर्दी हटली. मग म्हणाली, मर्ल विचारत होता, शर्ट घालून बघायला कधी येतोस.

९ एप्रिल. टीमच्या शहरात, हॉटेलवर

आजच्या बैठकीबद्दल शांतपणे लिहितो.

लांब टेबल, भोवती पंधरा-वीस माणसं. ग्रेडीचं नाव निघालं. डेट्वायलर मॅडम म्हणाल्या, चाचणीचे आकडे बघता यादीतून काढू या. मी खुर्चीवर चढलो, खुर्चीवरून टेबलावर. कोणीतरी म्हणालं, अहो, ते नुसतं म्हणायचं असतं. मी म्हणालो, मी नुसतं म्हणत नाही.

वरून सगळं सांगितलं. थापेची गोष्ट. स्टेकचं ताट. बर्फातली गाडी. बसमधून उतरून वळणं. कधी नव्हे ते सगळे ऐकत होते. मॅडम मध्येच विचारू लागल्या. थाप कोण मारतो? डावीकडून असं कोण म्हणालं? गाडी कधी रेटायची ते कोणी सांगितलं? मी म्हणालो, तो शेजारचा, उर्बिना, पण त्याच्याकडे लक्ष देऊ नका, हात आखूड आहेत. त्यांनी विचारलं, ऑक्टोबरातल्या त्या वाईट मॅचला हा कुठे होता? मी म्हणालो, बाकावर, घोटा मुरगळला होता.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहून त्याखाली रेघ मारली. माझा मुद्दा पोचला, हे वरून स्पष्ट दिसत होतं.

मग उतरायला गेलो आणि गुडघा अडकला. वाकेना. बसता येईना, उडी मारायची सोय नाही. बैठक पुढे चालू झाली. माझ्या बुटांवरून कागद इकडून तिकडे जात होते. तीन पोरांची चर्चा मी तिथे उभा राहूनच ऐकली. छताला भिडल्यासारखं झालं होतं, आणि खाली कोणी वर बघत नव्हतं. शेवटी डागडुजीवाल्याने शिडी आणली. दोघांनी धरून उतरवलं. तिसऱ्याने व्हिडिओ काढला.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, निवडीच्या दिवशी तुम्ही इथे येऊ नका, सॉन्डरगार्डांकडेच थांबा. म्हणजे ग्रेडी आपलाच. दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून राखण हवी.

२५ एप्रिल

सॉन्डरगार्ड फार्म. टीव्हीवर निवड चालू. बत्तीस टीम पाळीपाळीने नावं घेतात. तिसरी फेरी संपली. ग्रेडी नाही. उद्या चौथी. मॅडम धूर्त आहेत, स्वस्तात घेणार.

बोनीने टीमच्या रंगाचा केक करून घेतलाय. वर 'ग्रेडी'. ग्रेडीने विचारलं, नेस्टरचं नाव येईल का सर? मी म्हणालो, तू तुझं बघ. तो म्हणाला, ते मला कुठे येतं.

२६ एप्रिल, दुपारी

लोर्नाचा फोन: केंट म्हणतोय तुमच्या भागात चक्रीवादळ आहे, गाडी बाहेर रस्त्यावर लाव, मध्येच अडकशील. उशीर झाला होता. ग्रेडीचे सगळे मामा-काका आले आहेत. माझ्या गाडीमागे त्यांचे पिकअप, एकाला एक चिकटून.

२६ एप्रिल, तळघरात

भोंगा वाजला. सगळे खाली. चाळीसेक माणसं, दोन कुत्री, केक. मला एका आरामखुर्चीत बसवलं आहे, दोन्ही बाजूंना मावश्या. उठायचं तर आधी त्यांना उठवावं लागेल. कोपऱ्यात जुना टीव्ही चालू. आमच्या टीमची पाळी आली आहे. माईकजवळ माणूस आला. हातात कागद.

नंतर.

त्याने तोंड उघडलं आणि पडद्यावर केंट बुर्बाख आला. सॉन्डरगार्ड रस्ता, नदीकाठ, सगळ्यांनी तळघरात जावं. आम्ही तळघरातच होतो. केंट बोलतच राहिला. नकाशा दाखवला, बाण दाखवले. या माणसाला मी निवडला होता. टीमला तो एक दिवस उपयोगी पडला नाही, आणि आज माझ्या आयुष्यातली नेमकी ती दोन मिनिटं त्याने व्यापून टाकली.

तेवढ्यात ग्रेडीचा फोन वाजला. कुत्रीसुद्धा गप्प झाली. ग्रेडी ऐकत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बोनीने तोंडावर हात दाबला. मामांनी टाळ्या सुरू केल्या. मी दोन्ही मावश्या ओलांडून उठलो, हात वर केले, डोकं वरच्या पाइपवर आपटलं.

ग्रेडी म्हणाला, आई, नेस्टर घरून बोलतोय, त्याला घेतलं. मिस्टर क्रुपिकांच्या टीमने. नेस्टरला घेतलं गं.

आणि मला कमरेला धरून जमिनीवरून उचललं. म्हणाला, सर, मला वाटलंच होतं. तुम्ही माझं नाव पुढे करून त्याच्यासाठीच येत होता ना? मी कुठे कामाचा, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं असणार. हवेतच मी मान हलवली. कुठल्या दिशेला ते मला आठवत नाही.

बोनीने सुरीने केकवरचं नाव खरवडलं. बराच वेळ खरवडत होती. मग मला तुकडा दिला आणि हळू आवाजात म्हणाली, तेवढं नोकरीचं, मिस्टर क्रुपिका. शब्द दिलाय तुम्ही.

तिथूनच मर्लला फोन केला. वर गारा पडत होत्या. पिकअप निघेपर्यंत अंधार झाला.

केक खाल्ला. सगळा.

१४ मे

मॅडमचा फोन. करार आणखी दोन वर्षांसाठी. म्हणाल्या, नेस्टर आल्यापासून सरावाला आख्खी लाइन शिस्तीत उभी राहते, तुमचं टेबल कारणी लागलं. मग विचारलं, एल्डन, खरं सांगा, तुम्हाला माहीत होतं ना? आडून सुचवत होता ना तुम्ही?

मी म्हणालो, मॅडम, काही गोष्टी वरूनच दिसतात.

त्या हसल्या. म्हणाल्या, जूनमध्ये नव्या स्काउटांना शिकवायला या. विषय: शेजारचा कसा बघावा.

आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही. दोन वर्षं. दर पोरामागे आता विचारतील, याच्या शेजारी कोण आहे? आणि मला दिसणार नाही. मी टेबलावरून उतरलोच नाही, असं वाटतं.

२० मे

भाषणाच्या तयारीसाठी फिल्म लावली. संपूर्ण वेळ फक्त उर्बिनाकडे बघायचं ठरवलं. दहा मिनिटांनी लक्षात आलं, ग्रेडीच्या पायांकडे बघतोय. काय सुंदर पाय आहेत.

२८ मे

ठरलं. सन्मानाने राजीनामा. मर्लची जागा घेतो. पाइप काही वाईट नसतात. पाणी सोडलं की या टोकाने आत, त्या टोकाने बाहेर, त्यात पारख लागत नाही. शर्टही तयार आहे. लोर्नाला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली नाही. खांद्यावर हात ठेवला.

३० मे

मर्लच्या दुकानी गेलो. लोर्ना म्हणाली मीही येते. शेजारी बसली. संकल्पाचा आता विषय काढत नाही.

दार उघडलं. गल्ल्यामागे ग्रेडी उभा. अंगात लाल दोऱ्याचा शर्ट, खिशावर 'एल्डन'. दंडाशी फाटायला आलेला.

मर्ल म्हणाला, अरे, तूच तर पाठवलास. जागा एकच होती माझ्याकडे, मी समजलो तुझं तिकडे भागलं. काय पोरगा आहे. शेजारी उभं राहून सांगितलं ना, की एकटा दहा जणांचं काम करतो. म्हाताऱ्या बायका नुसत्या बोलायला येतात त्याच्याशी.

ग्रेडी म्हणाला, सर, दुसरा शर्ट बसेना मला. गिऱ्हाइकं एल्डन म्हणून हाक मारतात, मी ओ देतो. चालतं ना? नेस्टर रोज दुपारी फोन करतो. काल म्हणाला, पाइप मोजताना सरळ धर.

मी म्हणालो, चालतं. बोनीला नमस्कार सांग. मर्लने एक टोपी दिली, फुकट.

गाडीत बसलो. राजीनामा अजून खिशातच होता. बराच वेळ चावी फिरवली नाही. मग निघालो. हायवेवर चढताना मी विचार करत होतो की जूनमध्ये पोरांना काय शिकवणार.

लोर्ना म्हणाली, डावीकडून.

ब्रेक दाबला. धान्याचा ट्रक गाडीच्या नाकासमोरून गेला. गाडी हलली त्याच्या वाऱ्याने.

मी म्हणालो, मला दिसला होता.

ती म्हणाली, बरं.

ही वही कोणी वाचत नाही. दिसला नव्हता.